तिसरा निरोप

दादा आणि छोटू एका खोलीत यायचे, तर आधी खुर्च्यांचा प्रश्न सोडवावा लागे. समोरासमोर ठेवल्या तर नजरानजर होणार. पाठीला पाठ लावली तर तो अपमान. शेजारी ठेवल्या तर कोपराला कोपर लागून नवीनच प्रकरण उभं राहणार. ताईनं वर्षानुवर्षांच्या अनुभवातून यावर तोडगा काढला होता. ऑफिसातल्या तिच्या टेबलाच्या उजव्या अंगाला एक खुर्ची, डाव्या अंगाला एक, दोन्हींची तोंडं तिच्याकडे, आणि मधे ती. परक्या माणसाला वाटावं, बाई दोन आरोपींचा जबाब घेत बसल्या आहेत.

आज परका माणूस होताच. एका भल्यामोठ्या परदेशी फंडाचा. त्याच्या बुटांना इतकी चकाकी होती, की वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, दाराजवळच्या सोफ्यावर बसता बसता त्यात आपली टिकली नीट करून घेतली. निदान पुढे सगळ्यांना तिनं तसं सांगितलं.

शेअरबाजाराला सुट्टी होती. भिंतीवरचे आकड्यांचे पडदे काळे पडले होते आणि एरवी कोकलणारे फोन गप्प होते. दादाची मुलगी ताईच्याच हाताखाली दलालीचं काम शिकत होती. तिनं पाहुण्यापुढे पाणी ठेवलं आणि ती फायलींच्या कपाटाला टेकून उभी राहिली. आज आत्याचं काय होणार, याची तिला कालपासून काळजी लागली होती.

दादा-छोटूच्या अबोल्याचं मूळ ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ते पुन्हा ऐकून हसावं, ज्यांना नाही त्यांनी पहिल्यांदा. वडील गेले तेव्हा घरदार, भांडीकुंडी, सगळ्याची वाटणी गोडीनं झाली. अडलं ते फोन नंबरावर. शहरात फोन आले तेव्हा वडिलांनी फोन कंपनीचे शेअर पोत्यानं घेतले होते, आणि कंपनीनं कौतुकानं त्यांना इतका छोटा नंबर दिला होता, की तो सांगायला सुरुवात करेपर्यंत संपत असे. दादा म्हणाला, नंबर मला. छोटू म्हणाला, मला. शेवटी नंबर दादाकडे गेला आणि काळं, वजनदार यंत्र छोटूनं रागारागानं खांद्यावर मारून नेलं. म्हणजे एकाकडे नंबर, पण वाजायला काही नाही. दुसऱ्याकडे घंटा, पण वाजवणारं कुणी नाही. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलतात ते ताईमार्फत.

आणि त्याला एक कायदा होता. ताईच्या तोंडून जे आलं नाही, ते बोललंच गेलं नाही. दोघं हातभर अंतरावर बसलेले असोत, एकानं दुसऱ्याचा उद्धार केलेला असो, ताईनं तो पुढे पोचवला नाही तर कानांनी ऐकलं नाही असं धरायचं. छोटूच्या छापखान्यात एकदा कागदांना आग लागली. दादा नेमका रस्त्यावरून चालला होता. 'मागे बघ' एवढं ओरडण्याऐवजी त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून ताईला फोन लावला, असं लोक सांगतात. ताई म्हणते, हे साफ खोटं आहे, फोन नव्हता लावला, माणूस पाठवला होता.

"तर मी थोडक्यात मांडतो," पाहुणा म्हणाला. "आपल्या कंपनीचे तीन भाग होणार. मोबाइलची कंपनी वेगळी. टॉवरची वेगळी. आणि जुन्या तारांची, घरोघरच्या लाइनींची, वेगळी. आज ज्याच्याकडे एक शेअर आहे, त्याला तिन्हींचा एकेक मिळेल. परवा सभा आहे. शंभरात पंच्याहत्तर मतं मिळाली की झालं. आम्हाला थोडीशीच मतं कमी पडताहेत, आणि ती या खोलीत आहेत. आपण वाटणीच्या बाजूनं मत द्या, आम्ही आपले सगळे शेअर बाजारापेक्षा चढ्या भावानं घेऊ. वाटणीनंतर काय होईल, याची काळजी आपल्याला नको."

दादा दातांचा डॉक्टर. समोरचा माणूस तोंड उघडून गप्प बसलेला असण्याची त्याला सवय, त्यामुळे बोलताना तो कुणाची वाट पाहत नसे.

"अगं, त्या गाढवाला सांग," तो ताईला म्हणाला, "हलता दात तोंडात ठेवून कुणी शहाणं झालेलं नाही. विकून टाकायचं. आणि सांग, उगाच फाटे फोडू नकोस म्हणावं. वडिलांची आठवण वगैरे रडगाणं मला नको."

छोटू साठीला आला तरी छोटूच. जन्मभर छापखान्याच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलल्यामुळे तो कानात सांगितलेली गोष्टही गल्लीभर पोचवायचा.

"ताई, त्या महाशयांना सांग, मला विकायचंच आहे. मशीन घ्यायचंय मला, रंगीत. आणि म्हणावं, तुम्ही आडवे येणार हे मला माहीत आहे, पण या वेळी मी ऐकणार नाही."

पाहुण्याचा चेहरा खुलला. त्यानं बॅगेतून कागद काढले, टेबलावर ठेवले, पेनाचं टोपण काढलं. "उत्तमच झालं. दोघंही तयार आहात. तर मग सह्या..."

कुणी हललं नाही. दादानं छताकडे पाहिलं. छोटूनं आपल्या नखांतली शाई पाहिली.

"दोघंही हो म्हणालात ना?" पाहुणा म्हणाला.

"मी हो म्हणालो," दादा म्हणाला. "त्याचं मला काही कळलेलं नाही."

"आत्ताच तर ते म्हणाले. इथेच."

"मला कुणी सांगितलं नाही."

पाहुण्यानं छोटूकडे पाहिलं. "मलाही नाही," छोटू म्हणाला, आणि त्याचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

वहिनीनं पाहुण्याला सोफ्याच्या टोकाशी बोलावून घेतलं आणि हळूच कायदा समजावला. पाहुणा मोठ्या देशांतल्या मोठ्या शाळांत शिकलेला होता. अशा बाजारांत माणसं चमत्कारिक असतात हे त्याला शिकवलेलं असणार, पण इतकी, असं नसावं.

ताईच्या लक्षात मात्र आलं होतं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघं भाऊ एका मताचे आहेत, आणि ते दोघांनाही ठाऊक नाही. ते फक्त तिला ठाऊक आहे. तिनं पोचवलं, की संपलं. वडिलांचे शेअर तेवढे तिघांच्या नावावर एकत्रच राहिले होते, पण आजवर दोन भावांचं जमलं की तिसरी सही ताईनं केलीच आहे. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही विचारू दिलं नाही.

आणि नाही पोचवलं तर? काहीच करावं लागणार नव्हतं. दादाला सांगायचं, छोटू तयार नाही. छोटूला सांगायचं, दादा अडून बसलाय. दोघं खूश होऊन घरी गेले असते. इतक्या वर्षांत तिनं निरोपातली गाढवं काढली होती, टोमण्यांच्या धारा बोथट केल्या होत्या, 'मर म्हणावं'चं 'जपून राहा' केलं होतं. पण 'हो'चं 'नाही' तिनं कधी केलं नव्हतं.

पुतणी कपाटाजवळून आत्याकडे पाहत होती. तिला माहीत होतं, समोरच्या खणात काय आहे. शिवणकाम करणाऱ्या बाई, पेन्शनीतले मास्तर, बेकरीवाला, दवाखान्यातल्या परिचारिका, बस चालवणारे दोघं मित्र, असल्या शेकडो लोकांनी आपापलं मत ताईच्या नावे लिहून दिलं होतं. या लोकांनी हे शेअर घेतले ते कंपनीकडे बघून नाही, ताईकडे बघून. मधे काही वर्षं भाव आजारी माणसासारखा पडून होता, तेव्हा ही मंडळी एकेक करून याच खोलीत आली होती, आणि ताईनं प्रत्येकाला एकच शब्द सांगितला होता: ठेवा. तिच्या शब्दावर ती अंथरुणं घालून झोपली होती.

"ताई," पाहुणा परत येत अदबीनं म्हणाला, "मला आता पद्धत कळली. आपण फक्त एकाचं दुसऱ्याला सांगा. आपलं तेवढंच काम आहे. एका मिनिटात होईल."

ताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"दादा," ती म्हणाली, "छोटू विकायला तयार आहे." मग डावीकडे वळली. "छोटू, दादा विकायला तयार आहे."

दोघांचेही चेहरे पडले. एकमत झाल्याचं इतकं दुःख आजवर कुणाला झालं नसेल. दादाला तर फसवणूक झाल्यासारखंच वाटलं. पुतणीनं डोळे मिटून घेतले.

"आता तिसरा निरोप," ताई म्हणाली.

"कुणाचा?" दादा.

"माझा. दोघांनाही. मी सही करणार नाही."

पाहुण्यानं पेनाचं टोपण परत लावलं.

दादानं तोंड उघडलं ते सवयीनं. "अगं, त्याला सांग, की हिला म्हणावं..." आणि तो अडकला. कारण निरोप द्यायचा ताईला, आणि नेणारी ताईच. इतक्या वर्षांत असा पेच पडला नव्हता. त्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं पर्सची चेन उघडली, लावली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. पाहुण्याकडे पाहिलं, तर तो परका. शेवटी त्याची मान, गंजलेल्या बिजागरीसारखी, अगदी हळूहळू, छोटूकडे वळली. पुतणी शपथेवर सांगते, की कर्रकर्र असा आवाज आला.

"हिला झालंय तरी काय?" तो छोटूला म्हणाला.

"मला काय माहीत," छोटू म्हणाला. "कालपर्यंत बरी होती."

आपण काय केलं हे दोघांच्याही ध्यानात यायला थोडा वेळ लागला. वहिनीच्या आधीच आलं. तिनं तोंडाला रुमाल लावला.

"का नाही करणार सही?" छोटूनं विचारलं. आता तो स्वतःकडूनही विचारत होता आणि दादाकडूनही. "भाव चांगला देताहेत की."

"आपल्याला चांगला देताहेत," ताई म्हणाली. "कंपनीवर डोंगराएवढं कर्ज आहे. ते घेतलं कशासाठी? मोबाइलसाठी आणि टॉवरसाठी. आणि वाटणीत ते कुणाच्या डोक्यावर ठेवलंय? तारांच्या कंपनीच्या. विचारा यांना."

पाहुण्यानं खांदे उडवले. "तारांची कंपनी जुनी, स्थिर आहे. बोजा पेलू शकते."

"पेलू शकली असती, तिच्या कमाईचा वाटा तिला दिला असतात तर. तारा वाईट नाहीत. मोबाइलवाल्यांचंही सगळं शेवटी जमिनीतल्या तारांतूनच जातं. पण हे घरातल्या थोरल्या सुनेसारखं चाललंय, कमवायचं सगळ्यांनी आणि फेडायचं तिनं."

"ऐका," वहिनी म्हणाली. ती थोरली सून होती.

"आणि पुढचं ऐक दादा. वाटणी झाली, तिन्ही शेअर बाजारात आले, की पहिल्याच दिवशी सगळे मोठे फंड तारांचा शेअर फेकून देणार. तो त्यांच्या नियमात बसत नाही, एवढ्या लहान कंपनीचा शेअर ठेवायची त्यांना परवानगीच नसते. भाव तळाला जाणार. माझी माणसं घाबरून विकणार. आणि मग कुणीतरी येऊन स्वस्तात सगळा गोळा करणार. कर्ज देणाऱ्यांशी आधीच बोलून ठेवलेलं असणार, ते निम्मं माफ करणार. कोण येणार ते सांगू?"

पाहुणा हसला. माणूस खोटा नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं म्हटलं पाहिजे. "आमचा दुसरा फंड आहे, तो अशाच गोष्टी घेतो. त्यात बेकायदा काही नाही. अशा बाजारांत मोठी कंपनी फुटते तेव्हा पैसा असाच हाताळला जातो. आम्ही यांना उगवते बाजार म्हणतो."

"हो ना," ताई म्हणाली. "उगवायचं आम्ही आणि कापणी तुमची."

"पण अगं," दादा म्हणाला, "तुझी एकटीची माणसं. त्यांना उद्या सांग ना विकायला. मोकळी हो."

"सगळ्यांनी एकदमच विकलं तर घेणार कोण? आणि त्यांना 'ठेवा' सांगितलं मी, आणि स्वतः चढ्या भावानं बाहेर पडले मी, असं तोंड घेऊन मी या बाजारात फिरू? दादा, तू कुणाच्या तोंडात कच्चं सिमेंट भरून पाठवलास कधी?"

दादा कसाही असला तरी त्याचं काम पक्कं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"आणि सभेत वाटणी फेटाळली गेली तर?" छोटूनं विचारलं.

"भाव कोसळेल. आपलाही. तुझं मशीन लांबेल. मी काही लपवत नाही."

पाहुण्यानं कागद पुढे सरकवले. त्याचा धीर संपत आला होता, आणि धीर संपला की शिकलेली माणसं चुकतात. "दोघा भावांशी मी बोलतो," तो म्हणाला. "आपण दोघांनी सह्या करा, तिसऱ्या सहीचं आमचे वकील बघून घेतील. आणि राग मानू नका, पण हिशेब दोन पक्षांचा असतो. निरोप्याला मत नसतं."

दादानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. असं तो, दाढ काढायच्या आधी, पाहत असे.

"निरोप्या कोण?" त्यानं विचारलं.

"तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"दादानं विचारलं त्याचं उत्तर द्या," छोटू म्हणाला, आणि खिडकीची काच थरथरली. "निरोप्या कोण?"

"ही आमची बहीण आहे," दादा म्हणाला. "हिनं सांगितलं नाही तर आमच्या घरात सूर्य उगवला असं आम्ही धरत नाही. मुलीचं लग्न हिनं ठरवलं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा हा..." त्यानं छोटूकडे बोट केलं, "...हा दवाखान्याच्या दाराशी रात्रभर बसलेला, हे मला हिनंच सांगितलं."

"मी बसलो नव्हतो," छोटू म्हणाला. "गाडी बंद पडली होती माझी."

"गाडी बंद पडली होती असंही हिनंच सांगितलं. मी नाही मानलं."

छोटूनं नाक ओढलं. मग पाहुण्याचे कागद उचलले, छापखानेवाल्याच्या सवयीनं बोटांत घासून कागदाचा पोत बघितला आणि परत दिले. "छपाई चांगली आहे," तो म्हणाला. "पण आमच्या सह्या नाहीत. दोघांच्याही. काय दादा?"

"दोघांच्याही," दादा म्हणाला.

ताईनं पुन्हा चष्मा काढून पदरानं पुसला. एवढा मोठा बाजार तिच्या शब्दावर उठला-बसला होता, तरी आपल्या बाजूनं कुणी बोललं की काय करायचं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. कामाच्या बाबतीत मात्र ती क्षणात सावरली.

"साहेब, बसा," ती म्हणाली. "सोपं आहे. ही मतं आणि माझ्या माणसांची मतं विरोधात गेली, की परवा तुमची वाटणी फेटाळली जाते. मग भाव कोसळतो. आणि सगळ्यात जास्त शेअर कुणाकडे आहेत? माझ्याकडे नाहीत. तुमच्याकडे आहेत. मला वाटणी नको असं मी म्हणतच नाही. तीन कंपन्या करा, बरंच आहे ते. पण जिनं जेवढं घेतलं तिनं तेवढं फेडायचं. तसं करा, आमची सगळी मतं तुमची. शेअर विकत घ्यायचीही गरज नाही, आम्ही ठेवू."

पाहुण्यानं तिच्याकडे बघितलं. बहुधा पहिल्यांदाच. मग तो फोन घेऊन बाहेर गेला. काचेच्या दारातून तो येरझाऱ्या घालताना दिसत होता. एकदा त्यानं कपाळाला हात लावला, एकदा भिंतीला. फोनवर पलीकडे जो कुणी होता त्याला ही खोली समजावून सांगणं सोपं गेलं नसावं.

"ताकद आहे हं वन्सं तुमच्यात," वहिनी म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्ही यांच्या पेचात सापडलात."

"सापडले होते वहिनी."

पाहुणा आत आला तेव्हा त्याच्या बुटांची चकाकी जरा उतरली होती. "सभा पुढे ढकलण्याची शिफारस आम्ही संचालकांना करू," तो म्हणाला. "कर्जाची वाटणी पुन्हा मांडायला सांगू. जिनं जेवढं घेतलं त्या प्रमाणात."

"तोंडी नको. बाजाराला कळवा. सगळ्यांना दिसेल असं."

"संध्याकाळपर्यंत," पाहुणा म्हणाला, आणि जाताना ताईला वाकून नमस्कार करून गेला. इतका वाकला की कमरेत उसण भरली, असं छोटू सांगतो. पण छोटूचं सगळंच मोठ्या टाइपात असतं.

संध्याकाळी बातमी आली. सुट्टीमुळे काळा असलेला पडदा पुतणीनं मुद्दाम चालू केला होता, आणि त्यावर ती ओळ सरकत गेली: सभा स्थगित, कर्जविभागणीचा फेरविचार. पुतणीनं ती ओळ पुन्हा येईपर्यंत थांबून परत वाचली. मग आत्याकडे पाहिलं. आत्या खुर्चीत अगदी ताठ बसली होती, फोटो काढायला बसावं तशी.

आतल्या खोलीत दोघं भाऊ चहा पीत होते. मघापासून तिथून आवाज चढत चालले होते.

"पहिला मी बोललो त्याला. 'निरोप्या कोण' हे माझं वाक्य."

"तुमचं वाक्य, पण ऐकू कुणामुळे गेलं? तुम्ही दातांत पुटपुटता."

"आणि तू गाढवासारखा ओरडतोस."

"काय म्हणालात?"

"गाढव म्हणालो. स्वतः म्हणालो. ऐकलंस ना?"

पुतणी घाबरली. "आत्या, आत जा ना. सांग काहीतरी."

ताई जागची उठली नाही. ती ते गाढव ऐकत होती. इतकी वर्षं जे तिनं गाळून घेतलं होतं ते सगळं, नितळ न करता, तसंच्या तसं, एकाकडून दुसऱ्याकडे चाललं होतं, आणि दोघांपैकी कुणालाही काही होत नव्हतं. तिला जरा रिकामं वाटलं. जरा हलकंही.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. शिवणकामवाल्या बाई होत्या. कुणीतरी त्यांना काहीतरी वाचून दाखवलं होतं आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

"ताई, विकू का ठेवू हो?"

"ठेवा," ताई म्हणाली. "मी पण ठेवलेत."

"मागे कसला आरडाओरडा चाललाय? बरं आहे ना सगळं तुमच्याकडे?"

ताईनं फोन कानाला जरा घट्ट धरला.

"बरं आहे," ती म्हणाली. "माझे भाऊ आहेत. बोलताहेत."